सहा वाजताची गोळी

लिएपायात नोव्हेंबरमध्ये उजाडत नाही,
काळोखच जरा पातळ होतो, पाणी वाढवलेल्या आमटीसारखा.
त्या पातळ काळोखात आर्वीड्स क्रूक्लीटिस
काखेत घोंगडी, घोंगडीत झीले,
असा पहिल्या बसने आला.
बंदरावर एकतीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस.
सात किलो चारशे ग्रॅम टेबलावर ठेवताना
त्याचे हात कापत होते.

झीले म्हणजे ओकचं फळ. त्याच नावाचा एक पक्षीही आहे.
ही मात्र डाक्सहुंड, तेरा वर्षांची.
हृदयाची झडप नीट मिटत नाही,
प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे गळतं.
शिवाय तोंडात आठ सडके दात.

मी विचारलं, सकाळची गोळी?
"नाही दिली."
रक्तवाहिन्या सैल करणारी, ती पांढरी, अर्धी?
"नाही म्हटलं ना."
मी रकान्यात लिहिलं: नाही.

गुंगीचा वायू गोड वागतो.
आधी शुद्ध काढून घेतो,
मग नसांना सांगतो, सोडा आता मुठी.
गोळीही रोज हेच सांगते, फक्त हळू आवाजात:
सैल सोडा गं, त्या थकलेल्या हृदयाला
ढकलायला सोपं जाऊ दे.
एकेकटे दोघेही दयाळू.
पण एका सकाळी एका देहात भेटले
की धरून ठेवणारं कोणी उरत नाही.

पंजाखाली चिकटवलेला डॉप्लर बोलत होता,
शूं, शूं,
ओल्या वाळूवरून कोणी झाडू फिरवावा तसा.
दुसऱ्या दाताला झाडू लांब गेला.
नव्वद. अठ्ठ्याहत्तर.
बासष्ट.
सार्मीतेने चिमटा वर धरला. "थांबू?"

इथे सलाइन ओतून भागत नाही.
भांडं आधीच काठोकाठ; वर घातलेलं पाणी
फुफ्फुसात उतरतं.
मी वायूचा आकडा दोनवरून एकावर आणला,
कमी पडलेली झोप फेंटानिलने ठिगळली,
मग नसा आवळणारं औषध सोडलं.
नॉरॲड्रेनालिनने दार ठोठावलं,
आतून ओ आली नाही.
तेव्हा मला रकान्यातला तो शब्द आठवला.

दुसऱ्या दाराने जाणारं एक औषध असतं, व्हॅसोप्रेसिन.
कपाटात दोनच कुप्या होत्या.
शूं.
मग बराच वेळ काही नाही.
शूं, शूं.
सत्तर. चौऱ्याऐंशी.
सार्मीतेने न विचारता तिसरा दात धरला.

बाहेर तो कोट न काढताच बसला होता.
मी काही विचारण्याआधीच म्हणाला,
"सहाला ती ड्रॉवरपाशी येऊन बसते.
चीजमध्ये गुंडाळून देतो. सहा म्हणजे सहा.
फ्रिजवर तुमचा कागद होता, वाचला मी.
पण रात्रभर बशी नाही, काही नाही,
वर शेपटी हलवत बसलेली.
निदान एवढं तरी, वाटलं."

आणि मला नाही का म्हणालात?
"हो म्हटलं असतं तर परत पाठवलं असतंत.
तारीख दोनदा पुढे गेलेली."
पाठवलं असतं. खरं होतं ते.
रागवायला उघडलेलं तोंड
मी तसंच मिटलं, तेही नीट मिटलं नाही.

रकान्यातलं 'नाही' खोडलं.
वर 'हो' लिहिलं, वेळ सहा दहा,
बाजूला माझी सही.
पुढच्या वेळी जो कोणी हा कागद उघडेल
त्याला आधी हे दिसायला हवं.

झीले गरम पिशव्यांमध्ये, जीभ बाहेर,
आठ दातांनी हलकी, कुडकुडत.
त्याचा आवाज ऐकून तिचा एक कान वळला,
बाकीची ती अजून दूर होती.

"संध्याकाळची देऊ?"
आज नको. उद्या दाब पाहून सांगते.
त्याने मान हलवली. मग खिशातून
रुमालाची पुरचुंडी काढली,
चीजचा तुकडा मध्ये मोडून
दोन्ही अर्धे माझ्यापुढे धरले,
आत काहीच नाही हे दाखवायला.

मी तरीही बोटाने चाचपून पाहिलं.